पाच तलाव आणि एक कोंबडी

मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगतात तसला नव्हे. मला टांगायचं ठरवलं तर आधी भिंत खाली येईल. मी सिमेंटचा आहे. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद आणि गुडघाभर उंचीच्या दगडी ओट्यावर आडवा पडलेला. आयुष्यात मी एकदाही उभा राहिलेलो नाही. तरी मित्रांनो, मला आजवर कोणी आळशी म्हटलेलं नाही, कारण माझ्या अंगावर एक अख्खं शहर आहे. शिवाय एक नदी, एक टेकडी, एक पाट आणि एक रेल्वे स्टेशन. एवढं सगळं अंगावर घेऊन कोणी पडून राहिलं, तर त्याला लोळणं म्हणत नाहीत. जबाबदारी म्हणतात.

माझ्यावरचं एक फूट म्हणजे बाहेरचं एक किलोमीटर. हे प्रमाण नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या शहरात ते कोणाच्याच लक्षात राहत नसे. नगरपालिकेच्या शिपायाचं मांजर रोज दुपारी माझ्या मक्याच्या शेतांवर येऊन झोपायचं. प्रमाण लावून पाहिलं तर ते मांजर दीड किलोमीटर लांब होतं. ते कूस बदलायचं तेव्हा सात शेतकऱ्यांचं पीक आडवं होत असणार. पण कोणीही कधी भरपाई मागितली नाही. त्या सातही जणांचा मी आजन्म आभारी आहे.

आता ज्या शहराचा मी नकाशा आहे, त्याचा इतिहास सांगतो. तो फार मोठा नाही. बरीच वर्षं त्यात काहीच घडलेलं नाही.

खूप पूर्वी काही कुटुंबं तीन गाड्यांत बियाण्याचे बटाटे भरून कुठेतरी दूर, चांगल्या जमिनीच्या शोधात निघाली होती. आमच्या या सखल भागात पहिली गाडी चिखलात रुतली. तिला ओढायला दुसरी पुढे झाली, तीही रुतली. दुसरीला ओढायला तिसरी गेली. चौथी गाडी नव्हती, म्हणून गोष्ट तिथेच थांबली. चिखल वाळला की निघू, असं ठरलं. पण तोवर बियाणं सडेल म्हणून त्यांनी ते तिथेच लावून टाकलं. मग बटाटे तयार होईपर्यंत थांबणं आलं. बटाटे असे आले की खाऊन संपेनात, म्हणून ते संपेपर्यंत थांबणं आलं. ती माणसं अजून निघालेली नाहीत. त्यांचीच नातवंडं-पतवंडं म्हणजे आमचं शहर.

पहिली गाडी रुतली त्या जागी त्यांनी एक दगड उभा केला. 'आमची पहिली गाडी इथे रुतली' असं त्यावर कोरलं. पुढे नगरपालिका आली, तेव्हा तिची इमारत त्या दगडाशेजारीच बांधली. गाडी रुतते तिथे इमारत बांधू नये, हे त्यांनाही कळत होतं. पण आदर वेगळा आणि अक्कल वेगळी. दोन्हींत त्यांनी आदर निवडला. त्यामुळे पावसाळ्यात नगरपालिकेच्या फरश्यांना घाम फुटतो आणि कर्मचारी टेबलाखाली विटा ठेवून त्यांवर पाय ठेवतात. बदली झाली की माणूस खुर्ची सोडून जातो, विटा घेऊन जातो.

रेल्वे खरं तर शहराच्या मधोमध येणार होती. पण जिथून रूळ जायचे तिथे एका शेतकऱ्याचे बटाटे जमिनीत होते. त्याने रेल्वेला निरोप पाठवला की काढणी होऊ द्या, मग या. रेल्वे काही थांबली नाही. ती तीन किलोमीटर लांबून निघून गेली आणि स्टेशन तिकडेच पडलं. बटाटे मात्र त्या वर्षी फार चांगले आले.

आणि आम्ही शहर कसे झालो? शहर म्हणवून घ्यायला लोकसंख्या थोडी कमी पडत होती. मोजणीच्या दिवशी स्टेशनात एक गाडी बंद पडली. मोजणाऱ्यांनी तिच्यातल्या प्रवाशांनाही मोजून टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी निघून गेली, पण आम्ही शहर ते शहरच राहिलो. त्या अनोळखी प्रवाशांचेही मी आभार मानतो. त्यांना अजून कल्पना नसेल.

भूगोल सोपा आहे. पश्चिमेला नदी आहे. पावसाळ्यात ती नदी असते, हिवाळ्यात ओढा असतो आणि उन्हाळ्यात पायवाट असते. पूर्वेला एक गुबगुबीत टेकडी आहे, तिला सगळे 'उशी' म्हणतात. उत्तरेला मका, दक्षिणेला बटाटे, मध्ये घरं. नदीवरून एक पाट निघतो आणि शेताशेताला पाणी देत दक्षिणेच्या टोकाला संपतो. टोकाचं शेत एका बाईंचं आहे. शहर त्यांना 'टोकाची काकू' म्हणतं. पाटाचं पाणी आणि गावातली बातमी, दोन्ही त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचतात. पाणी निम्मं झालेलं असतं, बातमी दुप्पट झालेली असते.

मला जन्माला घातलं ते या काकूंच्या थोरल्या नणंदेनं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाईंच्या वर्गातल्या मुलांना वाटायचं की नदी चढ चढते, कारण भिंतीवरच्या नकाशात ती खालून वर जाताना दिसायची. बाईंनी खूप समजावलं. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "भिंतच नको. मी नकाशा जमिनीवर करते."

नगरपालिकेनं मागच्या आवाराचा एक कोपरा दिला आणि गटारांच्या कामातून उरलेलं सिमेंट दिलं. म्हणजे माझं घराणं गटाराचं आहे. मला त्याची लाज नाही. मदतीला एक गवंडी आला. उंच, सडपातळ आणि सरळसोट. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, त्याला ओळंबा म्हणतात. त्या गवंड्याचं नावच ओळंबा पडलं होतं. त्याला वाकडं म्हणून काही करता यायचं नाही.

"बाई, ही नदी सरळ घेऊ का?" तो विचारायचा.

"अहो, नदी वाकडी आहे!"

"ते मला माहीत आहे. पण आपण तरी सरळ करू. तिलाही बरं वाटेल."

पण दोघांनी काम मात्र मनापासून केलं. अख्खा हिवाळा ते पातळी दाखवणारी, पाणी भरलेली नळी घेऊन शहरभर हिंडले आणि कुठली जमीन उंच, कुठली खोल ते मोजत राहिले. उंची दहापट वाढवून घेतली, नाहीतर 'उशी' माझ्यावर दिसलीच नसती. टेकडीला ते आवडलं असावं. तिनं तक्रार केली नाही.

त्या दिवसांत काकू बाईंच्या घरात नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. त्या रोज दुपारी नणंदेचा आणि ओळंब्याचा डबा घेऊन यायच्या. त्यांच्या मागे त्यांची कोंबडी यायची. तिचं नाव लंगडी. दाराच्या फटीत सापडून तिच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं होतं. त्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. ती काकूंच्या मागे विहिरीवर जायची, शेतात जायची आणि एकदा तर दवाखान्यात जाऊन रांगेत उभी राहिली होती.

एका दुपारी माझा दक्षिण भाग ओला होता. तिघं सावलीत जेवायला बसले. लंगडी ओट्यावर चढली. नदीपासून तिनं पाच पावलं टाकली. पाचव्या पावलाला ती थांबली, जोरात वळली, बटाट्याच्या शेतात खाण्यासारखं काही आहे का ते पाहिलं आणि सिमेंट आहे असं कळल्यावर खाली उतरून गेली. जेवण झाल्यावर ओळंब्याला खुणा दिसल्या. "कुठल्यातरी पाखरानं घाण केली," तो पुटपुटला, "उद्या बुजवतो." मित्रांनो, 'उद्या' हा शब्द सिमेंटला कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी कडक झालो होतो.

माझ्या उमेदीच्या काळात माझं फार कौतुक झालं. मुलं माझ्याभोवती फिरून भूगोल शिकली. नदी उतरते हे त्यांना पटलं. नवा पोस्टमन आधी माझ्याकडे यायचा, मग पत्रं वाटायला निघायचा. लग्नाची बोलणी चालू असली की मुलीची आई गुपचूप येऊन सासरच्या घरापासून विहीर किती बोटं लांब आहे ते मोजून जायची. माझ्यामुळे दोन लग्नं मोडली आणि दोन ठिकाणी विहिरी खणल्या गेल्या. पावसानं माझा रंग जाऊ नये म्हणून बाईंनी सिमेंट ओतायच्या आधीच माझ्या जागेवर पत्र्याचं छप्पर घालून घेतलं होतं. कित्येक वर्षं मी पावसाचा नुसता आवाज ऐकला. तोही छान असतो.

मग बाई निवृत्त झाल्या. भाऊ वारल्यावर त्या भावजयीसोबत टोकाच्या शेतावरच राहायला गेल्या. लोकांच्या फोनमध्ये नकाशे आले. आवारात मोडके दिवे, विजेचे खांब आणि चाकं नसलेला एक पाण्याचा टँकर येऊन पडला. कोणीतरी माझ्या रेल्वे स्टेशनावर कुंड्या ठेवल्या. त्यातल्या एका कुंडीत काहीच लावलेलं नव्हतं, तरी तिला रोज पाणी घालायला कोणीतरी येत असे. त्या माणसाचा मी आभारी आहे. तेवढीच सोबत.

शहराला बरीच वर्षं पूर्ण झाली म्हणून एकदा रंगरंगोटी निघाली. एका रंगाऱ्याला माझ्याकडे पाठवलं आणि बजावलं, "उंच ते तपकिरी, खोलगट ते निळं, बाकी हिरवं." रंगाऱ्यानं सांगितलं तसंच केलं. नगरपालिकेत हे क्वचित घडतं. लंगडीची पाचही पावलं खोलगट होती. ती निळी झाली.

आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

लागोपाठ काही वर्षं पाऊस कमी झाला. नदी हिवाळ्यातच पायवाट झाली. विहिरींचे दोर लांब होत गेले. पाट निम्म्या वाटेतच कोरडा पडायचा. शहरात पाणी साठवायला एक तलाव हवा होता, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पण वरून परवानगी मिळायची ती फक्त जुने, बुजलेले तलाव पुन्हा जिवंत करायला. नवा तलाव मंजूर होत नसे. आता जुना तलाव आणायचा कुठून?

अशा काळजीत नवे नगराध्यक्ष एक दिवस आवारात येरझाऱ्या घालत होते. माणूस तरुण, उत्साही आणि मनानं चांगला. चांगल्या मनाच्या माणसाला उत्साह आला की मला जरा धाकधूक होते. ते माझ्यापाशी थबकले.

"अरे, इकडे ये!" त्यांनी शिपायाला हाक मारली. "हे बघ काय! एक, दोन, तीन, चार, पाच. आपल्याकडे पाच तलाव होते!"

"होते का, साहेब?"

"नकाशात आहेत म्हणजे होतेच. जुन्या लोकांनी उगाच काढले असतील का? आणि या शेवटच्याचा आकार तर बघ. तीन फाटे आहेत. तिन्ही बाजूंनी पाणी यायची सोय. काय डोकं होतं त्या लोकांचं!"

शिपायानं मान हलवली. त्यातला एक तलाव थेट नदीच्या पात्रात होता, एक रस्त्याच्या मधोमध होता, पण त्याचाही कोणाला संशय आला नाही. फुटपट्टी आली, मापं झाली. सगळ्यांत खोल तलाव पाचवा होता, जिथे लंगडी वळली होती. सुरुवात त्याच्यापासून करायचं ठरलं. अध्यक्षांनी उत्साहाच्या भरात वर कळवूनही टाकलं.

पाचवा तलाव म्हणजे काकूंचं शेत. सगळं शेत. घरासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आवारात हजर झाल्या. सोबत काठी टेकत बाई. या दोघींचं जे काही होतं ते त्या शेतातच होतं, तिथली माती, तिथलं घर आणि दाराशी दोन खुर्च्या. ते गेलं की दोघींनी जायचं कुठं, हा प्रश्न होता. मी तो त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट पाहिला. पण काकूंची जीभ मात्र नेहमीसारखीच होती.

"कुठाय तो तलाव? दाखवा मला. चाळीस वर्षं मी त्यात बटाटे लावतेय, एकदाही पदर भिजला नाही माझा."

"काकू, जुना आहे तो," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "बुजला असेल."

"कोणी बुजवला?"

"पूर्वजांनी."

"कोणाच्या?"

अध्यक्षांनी विषय बदलला. "हे बघा, सगळ्या शहराच्या पाण्याचा प्रश्न आहे. नगरपालिका तुम्हाला बदल्यात जागा देणार आहे. टेकडीवर. छान मोकळी हवा."

"टेकडीवर बटाटे? म्हणजे काढायलाच नकोत. आपोआप घरंगळत बाजारात येतील!"

शिपाई हसला आणि लगेच खोकला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली बसून माझ्या काठावरून हात फिरवत होत्या. "अगं, मी हे तलाव काढलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मग हे आले कुठून, तेही मला आठवत नाही. आणि नकाशा माझाच आहे. आपलं घर माझ्याच नकाशानं जातंय."

 हे ऐकून काकू वाकल्या आणि नणंदेशेजारी बसल्या. आपलं शेत शेवटचं पाहून घ्यावं तसं त्यांनी त्या निळ्या खळग्यात बोट घातलं. मग त्याच्या अलीकडच्या खळग्यात घातलं. मग त्याच्याही अलीकडच्या. त्यांचे ओठ हलायला लागले. "तीन... दोन... तीन... दोन... तीन." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग त्या हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना माझ्या टेकडीला धरून बसावं लागलं.

"काय झालं गं?" बाई घाबरल्या.

"वन्सं, एका पायाला तीन बोटं आणि दुसऱ्याला दोन! ही लंगडी आहे!"

"कोण लंगडी?"

"अहो, माझी कोंबडी! डबा घेऊन यायचे तेव्हा मागे यायची ती! हे तलाव नाहीत, लंगडीचे पाय आहेत. मेली जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझं शेत घ्यायला निघाली!"

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "काकू, असं कसं? मी वर कळवलंय, की आमच्याकडे पाच प्राचीन तलाव आहेत."

"मग आता कळवा, की एक प्राचीन कोंबडी आहे."

पण नगरपालिका कोणाच्या हसण्यावर ठराव बदलत नाही. साक्षीदार हवा होता. ओळंब्याला बोलावलं. तो आता म्हातारा झाला होता, पण अजूनही सरळसोट. त्यानं खुणा पाहिल्या आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "मला चांगलं आठवतंय. बदक होतं."

"अहो, बदकाला पडदा असतो पायाला!" बाई म्हणाल्या.

"या बदकाला नव्हता."

काकूंनी कपाळावर हात मारला. शेवटी असं ठरलं की खरी कोंबडी आणून पावलं जुळवून पाहायची. समोरच्या अंडेवाल्याकडून एक तांबडी कोंबडी मागवली. आवारात सोडल्यावर ती सगळीकडे धावली. माझ्यावर ठेवल्यावर पुतळ्यासारखी उभी राहिली. अध्यक्ष, शिपाई, ओळंबा आणि जन्म-मृत्यू नोंदणीतले दोन कर्मचारी, सगळे मिळून तिला 'चल, चल' म्हणू लागले. एका गंभीर सरकारी कामात कोंबडीला आग्रह करावा लागतो, हे मी तेव्हाच पाहिलं.

काकूंनी मुठीतून मक्याचे दाणे काढून नदीपासून आपल्या शेतापर्यंत टाकले. मग ती चालली. तिचं प्रत्येक पाऊल निळ्या तलावाच्या अगदी शेजारी, तेवढ्याच अंतरावर पडत गेलं. जणू एखादी मैत्रीण बाजूनं चालत असावी. अध्यक्ष ओणवे होऊन फुटपट्टी लावत होते. त्यांनी कागदावर लिहिलं, 'कोंबडीचं एक पाऊल : साधारण अर्धा किलोमीटर.' मग त्यांनी ते वाचलं आणि कागद हळूच खिशात घातला.

"काकू," ते म्हणाले, "शेत तुमचं. चूक माझी."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या लवकरच विरल्या, कारण शेत वाचलं तरी पाणी आलं नव्हतं. मग काकूच पुढे झाल्या. "असे तोंडं पाडून उभे राहू नका. तलाव नको असं मी म्हटलंच नव्हतं. माझा पाट सगळ्यांच्या आधी आटतो. तलाव मलाच सगळ्यांत जास्त हवाय. फक्त तो कोंबडीनं ठरवू नये."

"मग कोणी ठरवायचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाण्यानं," बाई म्हणाल्या. "आम्ही हिवाळाभर नळी घेऊन हिंडलोय. उतार सगळे खरे आहेत. ओता पाणी, आणि बघा कुठं जातंय."

मित्रांनो, कुंडीतलं पाणी सोडलं, तर पत्र्याच्या छपराखाली माझ्यावर इतक्या वर्षांत पाण्याचा थेंब पडला नव्हता. शिपायानं झारी आणली, जिनं तो त्या रिकाम्या कुंडीला पाणी घालायचा. काकूंनी ती टेकडीवर ओतली. पाणी उतरलं, मक्याच्या शेतांतून वळलं, पाट ओलांडून रस्त्यांनी चालू लागलं, बाजारातून गेलं आणि एका ठिकाणी जाऊन थांबलं. मग उत्तरेकडून ओतून पाहिलं. तिथेच. दक्षिणेकडून ओतलं. पुन्हा तिथेच. काडेपेटीएवढ्या सिमेंटच्या एका चौकोनाभोवती छोटंसं डबकं साचलं.

"हे काय आहे?" ओळंब्यानं डोळे बारीक करून विचारलं.

"नगरपालिका," शिपाई म्हणाला.

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग आपापल्या पायांकडे पाहिलं. ते जिथे उभे होते त्या मागच्या आवारात चार शेतं बसतील एवढी जागा होती, आणि तिच्यावर मोडक्या खांबांशिवाय काही उगवलेलं नव्हतं. शिवाय ती जागा पूर्वी पाणथळ होती याचा पुरावा दारातच उभा होता, दगडात कोरलेला.

 त्या आवारात अध्यक्षांना नवी तीन मजली इमारत बांधायची होती. तिचं चित्र त्यांच्या खोलीत काचेखाली लावलेलं होतं. "मला जरा विचार करायला वेळ द्या," ते म्हणाले.

काकू काही जोरात बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मला किती दिला होतात?"

अध्यक्षांनी त्या डबक्याकडे पाहिलं. मग त्यांनी बूट काढले, झारीच्या सांडलेल्या पाण्यानं भिजलेले मोजे काढले आणि ते पिळत म्हणाले, "बरोबर आहे. इथंच होऊ दे." त्या क्षणापासून मला तो माणूस मनापासून आवडतो.

आवाराभोवती मातीचे बांध घालायला सगळं शहर आलं. उत्तरेचे मक्यावाले आले, दक्षिणेचे बटाट्यावाले आले. काकू टोपल्या भरून द्यायच्या आणि कोण हळू चालतंय ते मोठ्यानं सांगायच्या. आता प्रश्न माझा होता. मला हलवायला गेले तेव्हा माझ्या उत्तर सीमेला तडा गेला. बाईंनी काठी आडवी धरली. "राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "सिमेंटला पाण्याचं वावडं नाही."

ओळंब्यानं माझ्या कडा ताज्या सिमेंटनं लिंपल्या. तो तडाही बुजवला, त्याच दिवशी. "पावलंही बुजवू का?" त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, "हात लावाल तर बघा!" मग लोकांनी पत्रे काढले, आणि मी पहिल्यांदा आकाश पाहिलं. माझ्यापेक्षा बरंच मोठं निघालं. प्रमाण काय असावं ते कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. आधी माझी नगरपालिका बुडाली, मग बाजार, मग शाळा, मग स्टेशन. शेवटी टेकडीचं टोक गेलं आणि डोक्यावर शांत, हिरवट उजेड पसरला. तेव्हापासून मी तलावाच्या तळाशी आहे. माझ्या बटाट्याच्या शेतांवरून मासे फिरतात. प्रमाण लावलं तर एकेक मासा अर्धा-अर्धा किलोमीटर भरतो, पण त्यांनी आजवर कोणाचं काही बिघडवलेलं नाही. वर नगरपालिकेत जावक विभागाच्या खिडकीतून गळ टाकता येतो, असं ऐकलं आहे. तिथल्या लोकांची हजेरी म्हणे सुधारली आहे.

मला वाटलं होतं, आता माझं काम संपलं. पण तसं झालं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं, आणि सगळ्यांत आधी माझ्या टेकडीचा शेंडा वर आला. बांधावर बसलेल्या काकूंनी तो पाहिला आणि गावभर ओरडत गेल्या. त्या दिवसापासून शहरानं आपला नियम ठरवला. टेकडी दिसली की गाड्या धुणं बंद. स्टेशन दिसलं की पाटाला पाळ्या, आणि पहिली पाळी टोकापासून. शाळा दिसली की फक्त पिण्यापुरतं. त्यापुढचा नियम त्यांनी केलेला नाही, कारण तेवढं खाली पाणी कधी जाऊ द्यायचं नाही असं त्यांचं ठरलं आहे. हल्ली दोन माणसं रस्त्यात भेटली की ख्यालीखुशाली विचारण्याआधी म्हणतात, "टेकडी दिसली का?" आणि उत्तर 'नाही' आलं की दोघं हसून पुढे जातात.

मित्रांनो, मला गटाराचं सिमेंट देणाऱ्यांचा, वाकडी नदी नाइलाजानं वाकडी काढणाऱ्याचा, सांगितलं तेवढंच निळं करणाऱ्याचा आणि बोटं मोजणाऱ्या काकूंचा मी ऋणी आहे. बाई अजूनही संध्याकाळी बांधावर येतात आणि पाण्याकडे पाहत बसतात. मी त्यांना दिसत नाही, म्हणून त्या खूश असतात.

तुमच्या शहरातही असं काहीतरी पाण्याखाली झाकलेलं असेल. एखादी पायरी, एखादा दगड, विहिरीचा तळ. ते कसं दिसतं याची उत्सुकता धरू नका. नळ बंद करा, बादली अर्धीच भरा, आणि त्याला शांतपणे झाकलेलं राहू द्या. मी आयुष्यभर लोकांनी पाहावं म्हणून पडून होतो. यंदाच्या उन्हाळ्यात मला एकाही माणसानं पाहिलं नाही. इतका आदर माझ्या वाट्याला याआधी कधीच आला नव्हता.